सहा वर्षांत बेअरिंग गेले आणि ‘पूर्ण टबच बदला’ म्हणतात : वॉशिंग मशीन आता दुरुस्त होणारच नाही का?

गोदाकाठ (नाशिक) :

नमस्कार. आमच्याकडे सात किलोचे, पुढून दार असलेले वॉशिंग मशीन आहे. २०१९ च्या दिवाळीत ते २७,००० रुपयांना घेतले होते. दोन महिन्यांपासून कपडे पिळताना त्यातून जात्यावर दळण चालल्यासारखी घरघर येऊ लागली. आता तो आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो, आणि मशीनच्या मागच्या बाजूला फरशीवर तांबूस पाण्याचा डाग पडतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आलेल्या मुलाने ड्रम दोनदा हाताने फिरवून पाहिला आणि बेअरिंग (ड्रमचा दांडा ज्यात फिरतो ते पोलादी गोळ्यांचे कडे) गेल्याचे सांगितले. बेअरिंग बदलून द्या म्हटल्यावर तो म्हणाला की या मॉडेलचा टब, म्हणजे ड्रमभोवतीचे पाण्याचे भांडे, कारखान्यातच कायमचा बंद केलेला असतो, त्यामुळे बेअरिंग सुटे मिळत नाही आणि ड्रमसकट पूर्ण टब बदलावा लागतो. मजुरीसह त्याचा खर्च १२,४०० रुपये येईल. त्यापेक्षा हे मशीन एक्स्चेंजमध्ये देऊन नवीनच घ्या, असा सल्ला देऊन तो गेला.

माझ्या सासूबाईंचे सेमी ऑटोमॅटिक मशीन १९९७ साली घेतलेले होते. त्या काळी त्यासाठी सासऱ्यांचा जवळजवळ दीड महिन्याचा पगार खर्ची पडला होता. ते २०२१ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे चालले. मधल्या काळात त्याचा बेल्ट तीनदा, कपॅसिटर दोनदा आणि ड्रायरखालचे रबरी सील एकदा बदलले. हे सारे काम कोपऱ्यावरचा मिस्त्री आमच्याच गॅलरीत बसून, एक स्क्रूड्रायव्हर आणि दोन पाने घेऊन करत असे. शेवटी पत्र्याची खालची चौकट गंजून खचली म्हणून ते भंगारात दिले. मोटर तेव्हाही चालू होती.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक म्हणजे, काहीशे रुपयांच्या बेअरिंगसाठी अर्धे मशीन बदलावे लागते हे तांत्रिकदृष्ट्या अटळ आहे का? आणि दुसरी, नवीन घेण्याची वेळ आलीच तर दुकानात नेमके काय विचारावे, म्हणजे सहा वर्षांनी पुन्हा याच जागी येऊन उभे राहावे लागणार नाही?

सांगलीचा मिस्त्री :

ताई, मी १९९४ पासून हेच काम करतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम खात्री करून घ्या की दोष खरोखर बेअरिंगचाच आहे. मशीनचा प्लग काढा, दार उघडा आणि ड्रमची वरची कड आतून हाताने वर-खाली हलवून पाहा. चांगल्या मशीनमध्ये ड्रम आणि बाहेरचा टब एकत्र हलतात. ड्रम एकटाच खटखट हलत असेल, तर मागचा पत्रा काढून कोणाला तरी मोठ्या पुलीवर (ड्रमच्या दांड्यावरच्या चाकावर) हात ठेवायला सांगा. ड्रमबरोबर पुलीही हलत असेल तर बेअरिंग झिजले आहे. पुली स्थिर राहून फक्त ड्रम डुलत असेल, तर ड्रमला पाठीमागून धरणारा तीन हातांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर तडकलेला असतो, आणि तेव्हा बेअरिंग बदलून काहीही साधत नाही. तुमच्याकडे तांबूस डाग पडतो आहे, त्यावरून मला बेअरिंगच वाटते. आधी ऑइल सीलची, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची, धार झिजते, तेथून साबणाचे पाणी आत शिरते, ते ग्रीस धुऊन नेते, आणि मग पोलादाचे गोळे गंजून त्याचे लाल पाणी खाली ठिबकते. म्हणजे बेअरिंग मरते ते सीलमुळे, आणि ते सील काही महाग वस्तू नव्हे.

आता टबाविषयी. पूर्वी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मशीनचा बाहेरचा टब दोन अर्धकांचा असे आणि मध्ये रबरी दोरी घालून ती अर्धके कडेने स्क्रूंनी जोडलेली असत. स्क्रू काढले की टब पेटीसारखा उघडत असे. जुनी बेअरिंगे ठोकून काढायची, नवी बसवायची, नवे सील ग्रीस लावून दाबायचे आणि संध्याकाळपर्यंत मशीन घरी पोहोचवायचे, असे ते काम होते. ते टब अजूनही काही मॉडेलमध्ये येतात. पण गेल्या दहा-बारा वर्षांत वितळवून चिकटवलेले टब फार वाढले, आणि त्यांना उघडण्याची जागाच ठेवलेली नसते. बेअरिंग मात्र आतमध्ये तेच असते. बाजारात कोठेही मिळणारे ६२०५ आणि ६२०६ क्रमांकाचे बेअरिंग, जे पाण्याच्या मोटरीतही सापडते, ते मी या बंद टबांतूनही काढलेले आहे. त्यामुळे बेअरिंग मिळत नाही असे जेव्हा सांगतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की कंपनी ते सुटे विकत नाही.

असा टब मी कापून दुरुस्त करतो. कापण्याआधी जोडाच्या कडेने दर दोन इंचांवर आरपार भोके पाडून घ्यावी लागतात, कारण एकदा कापल्यावर दोन्ही भाग पुन्हा नेमके जुळवणे फार अवघड जाते. मग हॅक्सॉच्या पात्याने त्या रेघेवरून हळूहळू गोल फिरत यायचे. या कामी घाई केली तर पाते आत घसरते आणि टब वाया जातो. बेअरिंग निघाले की दांड्यावरची पितळी बुशी, म्हणजे दांड्यावर चढवलेली नळी, नखाने तपासायची. सीलची धार जेथे घासते तेथे नखाला खाच लागली, तर नवे सील कितीही चांगले घातले तरी सहा महिन्यांत पुन्हा गळणार हे ठरलेले असते. शेवटी कडेला सिलिकॉन सीलंट भरून, स्टीलचे नट-बोल्ट आवळून, टब एक पूर्ण दिवस वाळवत ठेवावा लागतो. मी या कामाचे सामानासह ४,५०० रुपये घेतो. माझ्या हातची अशी काही मशीन दीड-दोन वर्षांत परत आली, पण बरीचशी चार-चार वर्षे चालू आहेत. मात्र हे काम कोणीही घरी करू नये, आणि ज्याने पूर्वी केलेले नाही अशा कारागिराला आपल्या मशीनवर शिकू देऊ नये.

नवीन मशीन घेताना विक्रेत्याला मोटरची वॉरंटी विचारण्याऐवजी टब स्क्रूचा आहे की बंद, हे विचारा. विक्रेत्याला ते ठाऊक नसते, म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो की आपल्या भागातल्या दोन जुन्या मेकॅनिकना मॉडेलचे नाव सांगून विचारावे. टबाच्या कडेने स्क्रूंच्या टोप्या दिसत असतील तर तो उघडतो; नुसती सलग उंचवट्याची रेघ असेल तर तो उघडत नाही.

साचेकार (पिंपरी-चिंचवड) :

मी घरगुती उपकरणांच्या प्लास्टिक भागांचे साचे तयार करण्याच्या क्षेत्रात सव्वीस वर्षे होतो आणि आता निवृत्त आहे. मिस्त्रींनी लिहिलेले सर्व बरोबर आहे. टब बंद का झाले हे मी कारखान्याच्या बाजूने सांगतो, कारण त्यामागे केवळ ग्राहकाला नाडण्याचा हेतू आहे असे मानले तर आपण चुकीच्या ठिकाणी भांडत बसू.

स्क्रूचा टब म्हणजे वीस-पंचवीस स्क्रू, एक लांब रबरी सील, ते सारे बसवणारा माणूस किंवा यंत्र, आणि एक जरी स्क्रू कमी आवळला गेला तरी गळतीची तक्रार. दोन अर्धकांच्या कडा तापलेल्या पट्टीवर वितळवून एकमेकींवर दाबल्या की थोड्या वेळात, एकही सुटा भाग न वापरता, न गळणारा जोड मिळतो. कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारे मशीन त्यामुळे स्वस्त होते आणि पहिल्या दोन वर्षांत कमी गळते, आणि वॉरंटीही बहुधा दोनच वर्षांची असते. तिसऱ्या वर्षानंतरचा खर्च कारखान्याच्या हिशेबात येतच नाही, तो ग्राहकाच्या खात्यावर पडतो. माझ्या मते सगळी गोम येथे आहे. ज्याच्या खात्यावर दुरुस्तीचा खर्च पडत नाही, त्याने दुरुस्ती सोपी ठेवावी अशी अपेक्षा नियमांशिवाय पूर्ण होणार नाही.

सासूबाईंच्या मशीनशी तुलना करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सेमी ऑटोमॅटिकमधील ड्रायरची टोपली लहान असते आणि उभ्या दांड्यावर फिरते. पुढून दार असलेल्या मशीनचा ड्रम मात्र फक्त मागच्या बाजूने धरलेला असतो, भिंतीत एका टोकाला रोवलेल्या फळीसारखा. मिनिटाला बाराशे फेऱ्यांच्या वेगाने पिळताना ड्रमच्या कडेवरच्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे पावणेचारशे पट जोर येतो. चादरीचा ओला गोळा एका बाजूला साचून अर्ध्या किलोचा असमतोल राहिला, तरी मागच्या बेअरिंगवर दीडशे-पावणेदोनशे किलोंचा ओढा दर फेरीला दिशा बदलत पडतो. अशा मशीनमध्ये बेअरिंग हा झिजणारा भाग आहे, सायकलच्या ब्रेकच्या रबरासारखा, आणि जो भाग झिजणार हे आराखडा करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे तो न उघडणाऱ्या डब्यात बंद करणे ही माझ्या दृष्टीने अभियांत्रिकीतील चूकच आहे. खर्चाचे कारण मला समजते. तरी मी तिला चूकच म्हणेन.

मशीन पूर्वीइतकी टिकत नाहीत ही केवळ आपली समजूत आहे का, असाही प्रश्न येतो, कारण चोवीस वर्षे चाललेले मशीन आठवणीत राहते आणि चार वर्षांत बंद पडलेले विसरले जाते. याची मोजदाद जर्मनीत झाली आहे. तेथील पर्यावरण खात्याच्या संस्थेसाठी झालेल्या अभ्यासात असे आढळले की बिघाडामुळे पहिल्या पाच वर्षांतच बदलाव्या लागलेल्या मोठ्या घरगुती उपकरणांचे प्रमाण २००४ साली ३.५ टक्के होते, ते २०१२ साली ८.३ टक्के झाले. मुद्दाम लवकर बिघडेल असा आराखडा केल्याचा पुरावा त्या अभ्यासाला मिळाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण लवकर बिघडणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले, हे त्यातून स्पष्ट दिसते.

नेकारकाठ (श्टुटगार्ट) :

मी मूळची कोल्हापूरची असून गेली अकरा वर्षे जर्मनीत राहते. साचेकारांनी नियमांचा उल्लेख केला, म्हणून इकडची स्थिती लिहिते.

युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, एखाद्या मॉडेलचे शेवटचे मशीन बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षे त्याचे सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात, आणि मागणी केल्यावर ते १५ कामकाजाच्या दिवसांत पोहोचवावे लागतात. दाराचे रबर, बिजागरी, साबणाचा खण यांसारखे भाग सामान्य ग्राहकालाही मागवता येतात. मोटर, पंप, ड्रम, स्पायडर, बेअरिंग हे व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांसाठी असतात. फ्रान्समध्ये तर पुढून दार असलेल्या मशीनवर २०२१ पासून दुरुस्ती किती सोपी आहे याचे १० पैकी गुण छापावे लागत होते, आणि ८ एप्रिल २०२५ पासून त्या जागी टिकाऊपणाचे गुण आले आहेत. दुकानात किमतीच्या पाटीशेजारीच तो आकडा दिसत असेल, तर बंद टबाचे मशीन घ्यायचे की नाही हे ग्राहक पैसे देण्यापूर्वीच ठरवू शकतो.

मात्र येथे सगळे ठीक आहे असे समजू नये. त्याच नियमात ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग हे भाग ‘सुटे किंवा एकत्र’ पुरवावेत असे म्हटले आहे. म्हणजे पूर्ण संच विकला तरी नियम पाळल्यासारखा होतो, आणि गोदाकाठ यांना नाशिकमध्ये मिळालेले उत्तर येथेही कायदेशीरपणे देता येते. भारतात असा नियम झाला तर तो ‘किंवा’ शब्द आत येऊ न देण्याची काळजी आपल्या लोकांनी घ्यावी, असे मला फार मनापासून वाटते.

वाशीकर (नवी मुंबई) :

येथे बेअरिंगवर चर्चा चालली आहे, पण मशीनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाविषयीही लिहिले पाहिजे, कारण माझे मशीन बोर्डामुळे गेले. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या इमारतीची न्यूट्रल तार तुटली आणि काही मिनिटे घरात दोनशे तीस व्होल्टऐवजी विजेचा कितीतरी अधिक दाब आला. त्यात मशीनचा बोर्ड जळाला. मशीनवर ‘मोटर वॉरंटी १० वर्षे’ असे मोठे स्टिकर होते. मोटर शाबूत होती, पण तिला चालवणारा बोर्ड दोन वर्षांच्या सर्वसाधारण वॉरंटीतच येत होता आणि मला तीन वर्षे झाली होती. नव्या बोर्डाचे ७,८०० रुपये सांगितले गेले. जुना बोर्ड मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेला, तेव्हा कारागिराने दाखवले की सर्व भाग पारदर्शक रेझिनच्या थरात बुडवलेले आहेत. ओलावा आणि झुरळे यांपासून ते संरक्षण आहे हे मला मान्य आहे. परंतु वीज जेथून आत येते तेथील पाच-दहा रुपयांचा संरक्षक भाग, जो दाब वाढल्यावर स्वतः जळण्यासाठीच बसवलेला असतो, तोही त्याच थराखाली होता. त्याने गरम हवेने रेझिन मऊ करून, कोरून, तो भाग आणि वीजपुरवठ्याची एक चिप बदलून ९०० रुपयांत बोर्ड चालू करून दिला.

कायद्याविषयी एवढेच सांगतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ज्या क्षेत्रांसाठी ती होती त्यांत शेतीची अवजारे, मोबाइल व वाहने यांच्याबरोबर घरगुती टिकाऊ वस्तूही आहेत, आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. तेथे काही कंपन्यांच्या सुट्या भागांची व सर्व्हिस सेंटरची माहिती मिळते. परंतु सुटे भाग अमुक वर्षे विकलेच पाहिजेत असे बंधन वॉशिंग मशीनवर अद्याप नाही. तरीही सर्व्हिस सेंटर ‘भाग मिळत नाही’ असे सांगत असेल तर ते लेखी मागावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क पडत नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.

गोदाकाठ (नाशिक) :

सर्वांचे मनापासून आभार. मध्ये तीन आठवडे गेले, कारण येथे टब कापणारा कारागीर शोधावा लागला. शेवटी सातपूरमध्ये एक गृहस्थ मिळाले. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे मी पुलीवर हात ठेवून पाहिले होते. पुली ड्रमबरोबर हलत होती. टब कापल्यावर आतून निघालेले बेअरिंग त्यांनी माझ्या हातावर ठेवले. त्याचे बाहेरचे कडे फिरवले तर वाळू भरल्यासारखे करकरत होते आणि दोन गोळ्यांवर खड्डे पडलेले होते. क्रमांक तेच, ६२०५ आणि ६२०६. दोन्ही बेअरिंगे, सील, सीलंट आणि मजुरी धरून ४,२०० रुपये झाले. सर्व्हिस सेंटरकडून १२,४०० चा अंदाज मी लेखी घेतला असून, बेअरिंग सुटे का विकत नाही अशी तक्रार १९१५ वर नोंदवली आहे. उत्तर आले की येथे लिहीन.

एक शंका राहिली. स्पायडरच्या तिन्ही हातांवर पांढरट, चुन्यासारखी जाड खपली होती. कारागिराने ती घासून काढली आणि चालेल म्हणाले. आमच्याकडे बोअरचे पाणी येते. ही खपली म्हणजे क्षारच का, आणि तिच्यामुळे स्पायडर तुटू शकतो का?

सांगलीचा मिस्त्री :

ताई, ती खपली दोन प्रकारची असते. बोअरच्या पाण्याचे क्षार आणि न विरघळलेली पावडर यांचा थर वरवर बसतो आणि ब्रशने निघून जातो. त्याखाली धातूच पांढरा, भुसभुशीत झाला असेल तर तो ॲल्युमिनियम खाल्ला गेल्याचा परिणाम असतो. कपड्यांच्या पावडरीचे पाणी अल्कधर्मी असते, स्पायडर ॲल्युमिनियमचा आणि ड्रम स्टीलचा, आणि हे दोन धातू साबणाच्या पाण्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम हळूहळू झिजत जाते. आपल्याकडे गरजेच्या दुप्पट पावडर टाकण्याची सवय आहे आणि थंड पाण्यात ती पूर्ण विरघळत नाही, म्हणून तो थर मागे साचून राहतो.

टब आता बोल्टचा झाला आहे, म्हणजे पुन्हा उघडता येईल. पुढच्या वेळी तो उघडाल तेव्हा स्पायडरचे हात जेथे मधल्या दांड्याला मिळतात तेथे स्क्रूड्रायव्हरचे टोक जोर देऊन टोचा. टोक घसरले तर धातू चांगला आहे. टोक आत रुतले किंवा पापुद्रा निघाला, तर तो स्पायडर पिळताना तुटून टब फोडू शकतो, आणि मग मशीन अजिबात चालवू नये. तोपर्यंत पावडर निम्मी करा किंवा द्रव साबण वापरा, महिन्यातून एकदा कपडे न घालता गरम पाण्याची फेरी चालवा, आणि पिळण्याचा वेग आठशेवर ठेवा. सातपूरच्या त्या कारागिरांनी बुशी तपासली होती का, तेवढे कळवा.